अंतर्गत कीटकजाळी

अंतर्गत कीटकजाळी म्हणजे तळ नसलेल्या तंबूच्या किंवा ताडपत्रीच्या छताखाली स्वतंत्रपणे टांगला जाणारा, जाळीच्या भिंती व बहुधा जलरोधक तळ असलेला बंद कोश होय. बाहेरचे छत पाऊस आणि वारा अडवते. आतली जाळी डास, चिलटे, गोचिडी, विंचू आणि साप यांना झोपलेल्या माणसापासून दूर ठेवते. ही दोन कामे दोन स्वतंत्र वस्त्रांकडे सोपवलेली असल्याने ऋतू व प्रदेश पाहून जाळी सोबत घेता येते किंवा वगळता येते. जाळी सर्व बाजूंनी, विशेषतः जमिनीलगत, पूर्णपणे बंद असेल तरच तिचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

तळ नसलेले तंबू प्राचीन काळापासून वापरात आहेत. उत्तर युरोपातील सामी लोकांचा ‘लाव्वू’ आणि हेन्री हॉपकिन्स सिब्ली या अमेरिकी सैन्याधिकाऱ्याने १८५६ मध्ये पेटंट घेतलेला शंकूच्या आकाराचा तंबू ही त्यांची परिचित उदाहरणे होत. अशा तंबूत विस्तव पेटवता येत असे आणि त्याच्या धुराने कीटकही काही अंशी दूर राहत.

सध्याच्या पदभ्रमणात पाठीवरचे ओझे कमी करण्यासाठी असे तंबू वापरले जातात. अमेरिकी पदभ्रमंतीकार रे जार्डिन यांनी १९९२ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल हायकर्स हँडबुक’ या पुस्तकातून हलक्या साहित्याचा पुरस्कार केला. जड तंबूऐवजी ताडपत्रीसारखे छत आणि गरजेपुरती जाळी वापरण्याची पद्धत त्यानंतर अधिक रूढ झाली.

रचना

जाळी नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या धाग्याची असते. घरगुती मच्छरदाणीत दर चौरस इंचास साधारणपणे १५६ छिद्रे असतात आणि ती डासांसाठी पुरेशी ठरतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील चावऱ्या चिलटाच्या पंखांचा विस्तार मात्र सुमारे १.४ मिलिमीटर असतो. अशा चिलटांसाठी आणि वालुमक्षिकांसाठी याहून बारीक विणीची जाळी लागते. गडद रंगाच्या जाळीतून बाहेरचे अधिक स्पष्ट दिसते.

तळाचे कापड जलरोधक असते. त्याच्या कडा परातीच्या काठाप्रमाणे काही सेंटिमीटर उभ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे छताखालून वाहत आलेले पाणी आत शिरत नाही. काही जाळ्यांना तळ नसतो. त्यांची झालर अंथरुणाखाली खोचावी लागते.

उभारणी

मध्ये एकच खांब असलेल्या पिरॅमिड आकाराच्या तंबूत जाळी पुढील क्रमाने उभारतात.

१. जागेची निवड: सपाट, किंचित उंच आणि पाण्याच्या वाटेत नसलेली जागा निवडावी. वारुळे, दगडांच्या फटी, लाकडांचे ढीग आणि दाट गवत टाळावे. खडे व काटे वेचून काढावेत.

२. बाहेरचे छत: प्रथम चार कोपऱ्यांच्या मेखा ठोकून खांब उभा करावा आणि तणावे ताणून घ्यावेत. पाऊस असल्यास पुढील सर्व काम छताखाली, कोरड्यात करता येते.

३. तळ पसरणे: जाळीचा दरवाजा तंबूच्या दरवाजाच्या दिशेला येईल असा तळ अंथरावा. जाळी अर्ध्या तंबूपुरती असल्यास ती खांबाच्या एका बाजूला ठेवावी. उरलेली जागा बूट व ओले सामान ठेवण्यास उपयोगी पडते.

४. कोपरे बांधणे: तळाचे कोपरे तंबूच्या आतील फाशांना इलॅस्टिकच्या दोरीने अडकवावेत. वाऱ्याने छत हलले, तरी इलॅस्टिकमुळे जाळीच्या शिवणींवर थेट ताण येत नाही.

५. शेंडा टांगणे: जाळीच्या शेंड्याचा आकडा तंबूच्या शिखरातील फाशात अडकवून दोरीची लांबी जुळवावी. तळ उचलला गेल्यास दोरी सैल करावी; जाळी अंगावर लोंबल्यास ती आवळावी.

६. अंतराची तपासणी: जाळी आणि छत यांच्यात चहूबाजूंनी काही सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. छताच्या आतल्या बाजूस रात्री बाष्प साचते. जाळी त्याला टेकली की ओल अंथरुणापर्यंत येते.

दोन काठ्यांवर ताणलेल्या ताडपत्रीखाली एका शिखराऐवजी आढ्याच्या दोरीला दोन ठिकाणी जाळी टांगतात. बाकीचा क्रम तोच राहतो.

नायलॉनचे छत ओले झाले की सैलावते आणि खाली झुकते. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर, तसेच झोपण्यापूर्वी तणावे पुन्हा ताणणे आवश्यक असते.

आरोग्यविषयक महत्त्व

जाळी हे केवळ सुखसोयीचे साधन नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात गोचिडींमुळे लाइम रोग पसरतो. भारतात १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात आढळलेला क्यासनूर वनज्वर, म्हणजेच माकडताप, हाही गोचिडींमार्फत पसरतो; गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग परिसरातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. गोचीड उडत नाही, ती जमिनीवरून किंवा गवतावरून अंगावर चढते. त्यामुळे केवळ वरून सोडलेली, खाली उघडी जाळी तिच्यापासून संरक्षण देत नाही.

मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो. त्याचे अनेक दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात आणि दंशाची वेदना अत्यल्प असल्याने तो लक्षातही येत नाही. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी सर्पदंशापासून बचावासाठीही उपयुक्त मानली जाते. सह्याद्रीत उघड्यावर मुक्काम करणाऱ्या गिर्यारोहकांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

मर्यादा व निगा

जाळीला टेकलेल्या हातापायांना डास बाहेरून चावू शकतात. दिवसभरात कपड्यांवर चढलेल्या गोचिडीही माणसाबरोबर आत येतात. म्हणून आत शिरण्यापूर्वी कपडे झटकावेत, अंग तपासावे आणि झिप लगेच बंद करावी. बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकूनच पायात घालावेत.

कृत्रिम धाग्याची जाळी उष्णतेने वितळते व पेट घेते, त्यामुळे तिच्या आत किंवा लगत स्टोव्ह, मेणबत्ती अथवा डासांची उदबत्ती लावू नये. बंद तंबूत स्टोव्ह पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून मृत्यूही ओढवू शकतो.

लहान छिद्रावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावल्यास तात्पुरती दुरुस्ती होते. मुक्काम हलवताना जाळी आधी उतरवून ओल्या छतापासून वेगळ्या पिशवीत ठेवतात. घरी परतल्यावर ती सावलीत पूर्ण वाळवावी, अन्यथा तळाच्या कापडावर बुरशी येते.