घुबडाचं घरटं मोडणं हीसुद्धा शिकारच!

चंदीगढमध्ये अगदी सुरुवातीला जे भाग वसले, त्यांत सेक्टर २२ येतो. १९५० नंतरच्या दशकात इथं सरकारी नोकरांची विटांची घरं उभी राहिली. अशा जुन्या वस्त्यांमध्ये झाडंही म्हातारी होतात, खोडांना ढोल्या पडतात आणि ढोलीत पिंगळा बिऱ्हाड करतो. पुण्यातला वाडा असो वा नागपूरची चाळ, गोष्ट तीच. दिवाळीची रंगरंगोटी निघाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "ते भोक तेवढं बुजवून टाका. अपशकुनी पाखरू आहे."

इथं कायदा आडवा येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ बंदूक किंवा सापळा नव्हे. वन्य पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना वा घरट्याला धक्का लावणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे आत पिल्लं असताना रंगाऱ्यानं थापलेला सिमेंटचा गोळाही गुन्हा ठरू शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनं कमाल दंड २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर नेला. कैद ३ वर्षांपर्यंत. पहिल्या अनुसूचीतल्या जातींसाठी ती ३ ते ७ वर्षं.

घुबडाला दगड मारला तर ते तो झिजवतं आणि मारणारा माणूसही तसाच झिजत जातो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी ऐकलेली. निदान तिच्यामुळे चार दगड तरी कमी पडले असतील! पण लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजायचं आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच मांत्रिकाच्या सांगण्यावरून बळी द्यायचा, याला काय म्हणावं? देशात घुबडांच्या सुमारे ३० जाती आहेत. त्यांपैकी १५ चोरट्या बाजारात विकल्या जात असल्याचं 'ट्रॅफिक इंडिया'नं २०१० मध्ये दाखवून दिलं.

ढोलीचं मोल किती, हे महाराष्ट्राला चांगलं ठाऊक असायला हवं. १८८४ नंतर कुणाला न दिसलेला वन पिंगळा ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. तोही ढोलीतच अंडी घालतो. जुनं झाड तुटलं की त्याचं घर गेलं. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८ पासून इला फाउंडेशननं उलूक उत्सव सुरू केला, तो लोकांच्या मनातली ही भीती घालवण्यासाठीच.

तेव्हा भोक बुजवण्याआधी खाली पाहावं. पांढरी विष्ठा, उंदरांचे केस आणि हाडं असलेल्या गोळ्या दिसल्या तर वर गव्हाणी घुबड नांदत आहे असं समजावं. पिंगळ्याची वीण साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर असते. गव्हाणी घुबडाची मात्र वर्षभरात केव्हाही. त्यामुळे काम थांबवून वन विभागाला कळवणं उत्तम. पिल्लू खाली पडलं असेल तर मांजर-कुत्र्यांपासून जपून जवळच्या फांदीवर ठेवावं. आईबाप बहुधा तिथंच येऊन भरवतात. जखमी असेल तरच उचलावं, आणि ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे खबर द्यावी. मुलांच्या हट्टापायी ते पिंजऱ्यात मात्र ठेवू नये.