सातभाईंच्या घरातला पाहुणा

सकाळी पाळीवर बाभळीखाली कलकलाट ऐकलास ना, पोरी? ते सातभाई. आपल्या साकोलीकडच्या बोडीबोडीवर, म्हणजे तळ्यातळ्यावर, त्यांचा गोतावळा असतो. मळकट, भांडकुदळ, सदा घोळक्यात. पण आज त्यांच्यात एक पिल्लू वेगळं होतं. लांब शेपटीचं, डोक्यावर तुऱ्याचा कोंभ फुटलेलं. ते तोंड वासून ओरडत होतं आणि सातभाई नाकतोडे आणून त्याच्या लाल घशात कोंबत होते. ते चातकाचं पोर.

चातक मृगाच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो. इकडे रोवणीची घाई, तिकडे त्याची मादी गुपचूप सातभाईच्या घरट्यात अंडं घालते. तेही निळं, सातभाईच्याच अंड्यासारखं. पुढचं सगळं बाळंतपण सातभाईकडे! पाऊस सरला की आईबाप निघून जातात. पोर मागाहून एकटंच समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतं. त्याला दिशा सांगितली कोणी? सातभाईंना तर पलीकडच्या गावाची वाट ठाऊक नाही.

हॉलंडमध्ये पेर्डेक नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या भोरड्यांचे भाऊबंद असलेले हजारो स्टार्लिंग ऐन प्रवासात पकडले आणि स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. 1958 साली त्याने निकाल छापला. जाणते पक्षी वळून आपल्या नेहमीच्या ठिकाणाकडे गेले. पहिल्यांदाच निघालेली पोरं मात्र ठरल्या दिशेनेच उडत राहिली आणि पार स्पेनपर्यंत भरकटली. म्हणजे म्हाताऱ्यांकडे नकाशा होता. पोरांकडे नुसती दिशा, तीही जन्मजात.

ती दिशा कळते कशी? आजीच्या डब्यातली सुई आण. मधोमध दोरा बांधून आडवी तोलून टांग. मग चुंबकावर एकाच बाजूने वीसेक वेळा घासून पुन्हा टांग. ती उत्तर-दक्षिण फिरेल, हे पुस्तकातही आहे. पण नीट बघ, उत्तरेकडचं टोक खाली झुकलंय! पृथ्वीच्या चुंबकाच्या रेषा जमिनीत अशा तिरप्या शिरतात. भंडाऱ्यात हा कल 30 अंशांच्या आसपास. दिल्लीत जास्त, कन्याकुमारीला सुई जवळजवळ आडवीच.

पक्षी हा कल वाचतो. फ्रँकफर्टच्या विल्चको दांपत्याने 1972 मध्ये ते दाखवलं. पिंजऱ्याभोवती तारांची वेटोळी बसवून त्यांनी उत्तर तीच ठेवली, कल तेवढा उलटवला. रॉबिन पक्षी चक्क उलट्या दिशेला तोंड करून फडफडू लागले.

आणि हे यंत्र बहुधा डोळ्यात आहे! तिथे क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. निळा उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि पृथ्वीचं क्षीण चुंबकत्व त्यांच्या खेळात ढवळाढवळ करतं. 2021 साली ओल्डेनबर्ग आणि ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी रॉबिनचं हे प्रथिन परीक्षानळीत तपासलं. कोंबडीच्या प्रथिनापेक्षा ते चुंबकाला जास्त दाद देतं. कोंबडीला जायचंय कुठे म्हणा! हे प्रयोग रॉबिनवरचे. पण चातकाचं यंत्रही त्याच घडणीचं असावं, असा माझा कयास.

हे यंत्र नाजूक फार. ओल्डेनबर्गच्या विद्यापीठात रॉबिनना दिशाच सापडेना. शहरातल्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट आड येत होता. पक्षी ठेवलेल्या खोपीला ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून ते जमिनीशी जोडल्यावर पक्षी ताळ्यावर आले. आपल्या मुंबईचीही हीच कथा. विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकमापक यंत्रं 1904 मध्ये अलिबागला हलवावी लागली.

आपल्या बोडीवर अजून तेवढा गोंगाट नाही. चातकाचं पोर थोड्याच दिवसांत एका रात्री निघून जाईल. सातभाई बारा महिने इथेच.