पाण्याची पत

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. मत्स्यपालन करणाऱ्याने तिला एक जोड द्यावी: माशाशी मैत्री करायची, तर आधी पाण्याशी ओळख करून घ्यावी. माझी ही ओळख पुस्तकातून नव्हे, तर एका कर्जखात्यातून झाली.

म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर हे गाव आहे. कन्नडमध्ये ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. डोंगरावर मल्लिकार्जुनाचे मंदिर, पायथ्याशी गाव आणि भोवती तंबाखूची शेते. बदलीनिमित्त त्या भागात असताना शेततळ्यात कटला व रोहू वाढवू इच्छिणाऱ्या एका ग्राहकाच्या कर्जाची शिफारस मी केली. तळ्याचे क्षेत्रफळ, बीजाची संख्या, खाद्याचा खर्च, सारे आकडे चोख होते. पाण्याच्या तापमानाचा उल्लेख मात्र प्रस्तावात नव्हता आणि तो विचारण्याचे मलाही सुचले नाही.

बोटुकली भर दुपारी आली. प्राणवायू भरलेल्या पिशव्या सावलीत, गारव्यात ठेवून आणल्या होत्या; तळ्याचा वरचा थर मात्र उन्हाने तापलेला. पिशव्या उघडून पिल्ले थेट पाण्यात सोडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतील बरीचशी मरून तरंगत होती. तळ्याच्या काठावर त्या कुटुंबासमोर उभे राहताना माझ्याजवळ शब्द नव्हते.

माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. कटला, रोहू, मृगळ यांच्या वाढीस साधारण २५ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी गार झाले की भूक मंदावते. मग टाकलेले खाद्य तळाशी कुजते. पाणी तापले की निराळे संकट येते. २० अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. नेमकी त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. मोठा मासा खोल पाण्याचा आश्रय घेतो. अचानक धक्का बसलेल्या पिल्लाला तेवढा अवधी मिळत नाही.

बेट्टदपुरला क्षारतेची चिंता नव्हती. ती मी पाहिली माझ्या गावाकडे, रायगडच्या खारेपाटात. पेण-अलिबाग परिसरात पावसाळ्यात खाडीत सापडणारी जिताड्याची पिल्ले घराजवळच्या तळ्यात सोडण्याची जुनी रीत आहे. जिताडा गोड्या पाण्यातही वाढतो, परंतु अंडी घालण्यासाठी त्याला खारे पाणीच लागते. १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संस्थेने त्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले. उबवणी केंद्रात त्याच्या अळ्या लिटरला सुमारे ३० ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात वाढवतात आणि पुढे पिल्लांना टप्प्याटप्प्याने गोड्या पाण्याची सवय लावतात.

ही सबुरी कशासाठी? गोड्या पाण्यात माशाच्या शरीरात पाणी सतत शिरत असते व ते बाहेर टाकावे लागते. समुद्रात उलट; तेथे शरीरातील पाणी निघून जाते, म्हणून मासा पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या कामाला शक्ती लागते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ती शक्ती हे पिल्लाचे खेळते भांडवल होय. ते क्षार सांभाळण्यातच खर्ची पडले, तर वाढीसाठी काय उरणार?

उपाय साधे आहेत. बीज सकाळी किंवा सायंकाळी सोडावे. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगू द्यावी, मग तीत तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळावे आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यावे. खाडीकाठी त्याआधी दोन्ही पाण्यांची क्षारता मोजावी. फरक मोठा असेल, तर तो काही दिवसांत हळूहळू भरून काढावा. तापमापक काठावर असावाच. सकाळ-दुपारची नोंद वहीत ठेवावी.

किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यपालकांनाही देण्याची घोषणा २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात झाली आणि २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. त्यामुळे असे प्रस्ताव आता अनेक शाखांत येतात. सहकाऱ्यांना माझी विनंती आहे, की अर्जदाराची पत पाहताना पाण्याचीही पत पाहावी.

त्या ग्राहकाने दुसऱ्या वेळी बीज सायंकाळी सोडले. मीही काठावर होतो. पिशवी तरंगत असताना तो घड्याळाकडे पाहत होता आणि मी पाण्याकडे. हप्ते थोडे उशिरा सुरू झाले, पण पुढे एकही चुकला नाही.