त्वचेचे वार्धक्य : वय आणि ऊन

आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या का पडतात, असा प्रश्न एखादे चौकस मूल वर्गात विचारते आणि ‘वय झाले म्हणून’ असे उत्तर देऊन आपण पुढील पाठाकडे वळतो. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. वयाखेरीज दुसरेही एक बलवत्तर कारण असून त्याचा संबंध शाळेच्या मैदानाशी येतो. म्हणून शिक्षकांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

त्वचेची रचना : त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा तो बाह्यत्वचा व खालचा तो अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत निर्माण होतात, हळूहळू वर सरकतात व अखेर निर्जीव होऊन झडून जातात. तरुणपणी या फेऱ्यास सुमारे ४ आठवडे लागतात, उतारवयात अधिक. अंतस्त्वचेत कोलॅजेन या प्रथिनाचे चिवट तंतू व इलॅस्टिन या प्रथिनाचे लवचीक तंतू असतात. पहिल्यांमुळे त्वचेस बळकटी येते. दुसऱ्यांमुळे ताणलेली त्वचा पूर्ववत होते.

काळाचा परिणाम : प्रौढपणी त्वचेतील कोलॅजेन दरवर्षी सुमारे १ टक्क्याने घटते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ही घट अधिक वेगाने होते. तैलग्रंथी मंदावल्याने त्वचा कोरडी पडते. तिच्याखालील मेदही कमी होतो. बाजेची वीण सैल झाली म्हणजे जसा झोळ पडतो, तसेच येथे घडते.

उन्हाचा परिणाम : सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अंतस्त्वचेपर्यंत पोहोचून कोलॅजेनचे तंतू तोडतात. २०१२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका गृहस्थाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यांनी २८ वर्षे मालमोटार चालविली होती. तेथे चालकाची जागा डावीकडे असते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन वर्षानुवर्षे डाव्या गालावर पडल्याने ती बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक जून व सुरकुतलेली झाली होती. दोन्ही गालांचे वय एकच. भेद केवळ उन्हाचा!

त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य या किरणांना पुष्कळसे अडविते. सावळ्या त्वचेत ते अधिक असल्याने तिच्यावर सुरकुत्या उशिरा पडतात. सावळा वर्ण हे वैगुण्य नसून निसर्गाने दिलेले संरक्षण आहे, हे मुलांच्या मनावर अवश्य बिंबवावे. तथापि हे संरक्षण पूर्ण नसते. तंबाखूच्या धूम्रपानानेही त्वचा अकाली वृद्ध होते, हेही सांगावे.

शाळेत काय करावे? : ऊन हा शत्रू नव्हे, ‘ड’ जीवनसत्त्व त्याच्याच साहाय्याने त्वचेत तयार होते. परंतु उन्हाची हानी बालपणापासून साचत जाते. यास्तव कवायत व खेळ सकाळी किंवा सायंकाळी घ्यावेत, दुपारी वृक्षाच्या छायेत बसवावे, टोपी अथवा रुमाल वापरण्याची सवय लावावी.

घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने त्यांच्या दंडाची आतील बाजू व हाताचा पंजा यांची तुलना करण्यास मुलांना सांगावे. झाकलेली त्वचा मऊ व उघडी त्वचा राठ का, हे मुले स्वतःच शोधतील. शेतात राबणारी माणसे वयापेक्षा थकलेली का दिसतात, याचाही त्यांना उलगडा होईल. आणि त्या सुरकुत्यांकडे ती अधिक आदराने पाहतील.