वास एलपीजीला असतो, मोनॉक्साइडला नाही

अकोला-अमरावती म्हटले की 45 अंशांचा मे महिना आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात त्याहूनही खाली. घर तापवायची गरज इथे कुणाला पडत नाही. आंघोळीला मात्र गरम पाणी लागते. पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटणारा तांब्याचा बंब मागे पडला आणि पुष्कळ घरांत गॅस गीझर आला. काही गैरसमजही त्याच्यासोबत घरात शिरले.

त्यातला सर्वांत घातक म्हणजे ‘काही बिघडले तर वास येईलच.’ एलपीजीत मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते, त्यामुळे गळती कळते. न्हाणीघरात जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना रंग, ना वास. थंडी वाजते म्हणून झरोका बंद केला की ज्योतीला प्राणवायू पुरत नाही, ज्वलन अर्धवट होते आणि हा वायू साचू लागतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते, आणि आतून कडी लावलेला माणूस दारापर्यंत पोचण्याआधीच कोसळतो. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच हवा. ‘पाच मिनिटेच तर लावतो’ या सबबीवर कुणाचा जीव टांगू नये.

मग वीज? ‘बिल परवडणार नाही’ हे लगेच ऐकू येते. हिशेब करून पाहावा. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. चौघांच्या घरात दिवसाला दोन, महिन्याला साठ युनिट. 14.2 किलोच्या सिलिंडरमधून पाण्याला मिळणारी उष्णता साधारण 145 युनिटांची असते. सिलिंडरच्या किमतीला 145 ने भागून आलेला आकडा बिलावरच्या दराशी ताडला, तर अनेक घरांत साधा इलेक्ट्रिक गीझर गॅसपेक्षा महागच ठरेल.

हीट पंप हे गणित बदलतो. तो उष्णता तयार करत नाही. फ्रीजच्या उलट काम करत बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात आणतो. एका युनिट विजेत जवळपास तीन युनिट उष्णता मिळते, म्हणजे साठाच्या जागी वीस युनिट. ‘थंडीत तो चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी नॉर्वेकडे पाहावे, तिथल्या निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत. वऱ्हाडातली हवा तर त्याला फारच अनुकूल. मात्र किंमत जास्त आणि पाणी सावकाश तापते, म्हणून वसतिगृहे, रुग्णालये, चिखलदऱ्यातली हॉटेले यांनी तो आधी घ्यावा. छोट्या घराला स्टार असलेला साधा गीझर किंवा गच्चीवरचा सौर बंब पुरेसा. सौर बंबाला ऊन लागते, गरम हवा नव्हे. हिवाळ्यातले निरभ्र आकाश त्याला चालते.

वीज म्हणजे धूर नाही, हाही भ्रमच. पारस आणि नांदगाव पेठची केंद्रे कोळशावर चालतात, आणि कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. साधा गीझर हा तोटा तसाच ठेवतो. हीट पंप तो बराच भरून काढतो.

‘विजेचा गीझर लवकर सडतो’ ही तक्रार दर्यापूर-अकोट भागात खरी आहे, पण दोष विजेचा नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले बोअरचे खारे पाणी टाकी गंजवते, आणि पाणी जड असेल तर कॉइलवर क्षारांचा थर चढतो. तिथे काचेचा लेप असलेली टाकी घ्यावी आणि तिच्यातला मॅग्नेशियमचा दांडा दर हिवाळ्याआधी तपासून झिजला असेल तर बदलावा.