हिरवळीचे खत मागे का पडले?

नागपूरच्या जुन्या वस्त्यांतील घरांभोवती अद्याप थोडीफार मोकळी जागा शिल्लक आहे. तीत चार फुलझाडे, एखादे लिंबाचे झाड आणि हिवाळ्यात मेथी-पालकाचे दोन वाफे, एवढीच मध्यमवर्गीय संसाराची बागायत असते. दोन-तीन वर्षांत माती निकस झाली, की घरमालक ट्रॉलीभर काळी माती विकत आणतो आणि वर पसरतो. ही माती बहुधा कोठल्या तरी शेतजमिनीचा वरचा थर असते, याचा विचार सहसा होत नाही. जी माती जागच्या जागी सुधारता आली असती, ती दुसरीकडून खरवडून आणायची, हा व्यवहार बागेपुरता लहान दिसतो. पण त्यामागील हिशेबाची चूक लहान नाही.

माती जागच्या जागी सुधारण्याचा उपाय जुनाच आहे. ताग, धैंचा, उडीद, मूग यांसारखे द्विदल पीक पेरायचे, सहा-सात आठवड्यांनी ते फुलावर येऊ लागताच कापायचे आणि तेथेच मातीत गाडायचे. यालाच हिरवळीचे खत म्हणतात. या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात; गाठ फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला, तर हे काम चालू आहे असे समजावे. तागाचे चांगले पीक हेक्टरी १५ ते २० टन हिरवा पाला देते आणि त्यातून ६० किलोच्या आसपास नत्र जमिनीत जाते. नागपूरकडील काळ्या मातीला मात्र त्याहून मोठा लाभ होतो तो सेंद्रिय पदार्थाचा. ही माती चिकण आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या प्रदेशात मातीतील सेंद्रिय पदार्थ झपाट्याने संपतो. तो पुन्हा मिळाला, म्हणजे माती रवाळ होते, पाणी मुरते आणि मुळांना हवा मिळते. एका वर्षाच्या तागाने हे साधत नाही. आवर्ती ठेवीप्रमाणे हा भरणा वर्षानुवर्षे करावा लागतो.

मग ही रीत मागे का पडली? शेतकरी आळशी झाला, हे उत्तर सोपे असले तरी खोटे आहे. त्याने हिशेब केला, इतकेच. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो. एकरभर तागातून मिळणारे नत्र जेमतेम सवा गोणीइतके भरते. ही गोणी सवलतीच्या दराने २६६ रुपयांच्या आसपास मिळते. उलट एकराला तागाचे २० ते २५ किलो बी लागते आणि त्याचाच खर्च गोणीच्या किमतीहून जड जातो. नांगरटीची मजुरी वेगळीच. परंतु सर्वांत मोठा खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. तो म्हणजे हंगामाचा. ताग ज्या आठवड्यांत वाढतो, त्याच आठवड्यांत सोयाबीन शेतात उभे असते. कोरडवाहू कुटुंबाचा वर्षाचा आधार असलेला हंगाम मातीत गाडा, असे त्याला सांगणे सोपे नाही. सोयाबीनही द्विदलच, पण त्याने जमवलेले बरेचसे नत्र दाण्याबरोबर बाजारात जाते. जमीन मक्त्याची असेल, तर प्रश्न आणखी बिकट होतो. पेरणारा एक आणि सुधारलेल्या जमिनीचे फळ घेणारा दुसरा, अशी स्थिती असताना ताग कोण पेरील?

गोणी स्वस्त आहे ती शासन तिचा बराचसा भार उचलते म्हणून. २०२२-२३ साली खतांच्या अनुदानावर केंद्र शासनाचे सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च झाले. हे अनुदान एकाएकी काढून घेणे कोरडवाहू शेतकऱ्यावर अन्यायाचे होईल. आक्षेप निराळा आहे. गोणीतील नत्राला भक्कम आधार आणि तागातील नत्राने मात्र स्वतःच्या पायांवर उभे राहावे, ही विषमता का असावी? रासायनिक खतांचा वापर कमी करणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानापैकी निम्मी रक्कम देण्याची तरतूद २०२३ साली मंजूर झालेल्या पीएम-प्रणाम योजनेत आहे. तत्त्व योग्य आहे. परंतु पैसा राज्याला मिळतो आणि हंगाम सोडतो शेतकरी. ताग गाडणाऱ्याच्या खात्यात एकरी ठरावीक रक्कम पडेल, तेव्हाच त्या तत्त्वाला अर्थ येईल. तोवर बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला शेतात घालणे, हाच हंगाम न मोडणारा मार्ग त्याच्यापुढे उरतो.

शहरातील घरमालकाची गोष्ट वेगळी. त्याचे पोट त्या दोन वाफ्यांवर नाही आणि पावसाळ्यात ते बहुधा गवताखालीच असतात. म्हणजे तागाच्या ४५ दिवसांसाठी त्याला काहीच सोडावे लागत नाही. गुंठाभर जागेला अर्धा किलो बी पुरते. मृगाच्या पावसानंतर ते फेकावे. जेथे पाणी साचते तेथे तागाऐवजी धैंचा घ्यावा. पोळ्यापूर्वी, कळ्या दिसू लागताच, पीक कापून बारीक करावे आणि अर्धा फूट खोल गाडावे. उशीर केल्यास दांडे जरड होतात, ते लवकर कुजत नाहीत आणि कुजताना मातीतलेच नत्र अडवून ठेवतात. दोन-तीन आठवडे ओल राखली, की नवरात्रापूर्वी वाफा हिवाळी भाजीसाठी तयार होतो.

यातून राष्ट्राचे अनुदान वाचणार नाही, हे उघड आहे. परंतु उमलू पाहणारे पीक स्वतःच्या हातांनी कापून मातीआड करताना जी हळहळ वाटते, ती एकदा अनुभवलेली बरी. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्यालाही हे जड जाते. मग ज्याचे वर्ष त्या पिकावर आहे, त्याने ते विनामोबदला करावे, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?