पाऊलवाटांचं माथेरान

रविवारी पहाटेची कर्जत लोकल नेरळला पोचली की डबा बराचसा रिकामा होतो. टॅक्सी गाठायला निघालेली कुटुंबं, मिनी ट्रेनच्या तिकिटासाठी पळणारी जोडपी, चाकांच्या बॅगा ओढणारी पोरं, सगळी इथेच उतरतात. पाठीवर सॅक आणि पायात ॲक्शनचे बूट असलेली दोन-चार टोळकी मात्र जागची हलत नाहीत. ती उतरतात पुढच्या स्थानकावर, भिवपुरी रोडला. जायचं त्यांनाही माथेरानलाच असतं. टॅक्सीवाले तासाभरात वर पोचून चहाही घेतात. भिवपुरीवाल्यांना त्यासाठी तीन-चार तास घाम गाळावा लागतो, आणि तोही हौसेने.

बहुतेकांना माथेरान ठाऊक असतं ते घोडे, चिक्की, चामड्याच्या चपला, लाल माती आणि पॉइंट यांच्यासाठी. सहल म्हणून त्यात वावगं काहीच नाही. पण जेमतेम सात चौरस किलोमीटरचं हे गाव पायथ्याच्या वाड्यांशी पाऊलवाटांनी बांधलेलं आहे. त्यातल्या एखाद्या वाटेने चढून आल्याशिवाय ते डोंगरावर नेमकं कसं बसलंय, हे उमगत नाही. सुदैवाने या वाटा अजून चालत्या आहेत. त्या ट्रेकर्ससाठी कोणी आखलेल्या नाहीत. वर कामाला, बाजाराला जाणाऱ्या माणसांच्या पायांनी त्या मळल्या आहेत.

माथेरानचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा पडलेला आहे. मलंगगडापासून निघालेली धार तावली, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंड, पेब अशी चढत-उतरत माथेरानला येते. प्रबळगड आणि इर्शाळगड हे त्याचे पश्चिमेचे आणि दक्षिणेचे शेजारी. पूर्वेला उल्हास नदीचं खोरं, आणि ते ओलांडलं की समोर ढाक, राजमाची आणि भीमाशंकरकडचा घाटमाथा. माथ्याची उंची सुमारे आठशे मीटर आणि पायथा जवळजवळ कोकणाच्या पातळीवर, त्यामुळे कुठूनही चढा, सहा-सातशे मीटर चुकत नाहीत. डोंगराचं अंग काळ्या बेसाल्टचं आणि डोक्यावर जांभ्याचं टोपण. म्हणून कडे काळे दिसतात आणि माथ्यावर पाय ठेवताच बूट तांबडे होतात.

इंग्रजांच्या नोंदीत माथेरान आलं ते १८५० च्या मे महिन्यात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने डोंगर चढले, त्यांना माथा आवडला आणि पुढे तिथे बंगले उभे राहिले. शोधाचं श्रेय त्यांच्या नावावर जमा झालं. ठाकर, कातकरी आणि धनगर त्याच्या कितीतरी आधीपासून या रानात वावरत होते, हे मात्र पॉइंटांच्या पाट्या वाचून कळत नाही. तिथे लुईझा, अलेक्झांडर, गार्बेट, शार्लट ही मंडळी भेटतात. १९०४ ते १९०७ या काळात आदमजी पीरभॉय घराण्याने नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे बांधली आणि चालत किंवा घोड्यावरून येण्याची सक्ती संपली. दोन फुटी रुळांची ही गाडी सुमारे वीस किलोमीटरचे वळसे घेत चढते. २००५ च्या पुरात तिचा मार्ग वाहून गेला, २०१९ च्या पावसानेही तेच केलं, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात नेरळची गाडी बंदच असते. तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी चालते.

चालणाऱ्याला याचं फारसं सुखदुःख नाही.

माथेरान पायी पाहायचं तर सगळ्यात चांगला बेत म्हणजे ते आडवं पार करायचं. पूर्वेच्या भिवपुरीकडून चढायचं, रात्री गावात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेला धोदाणीला उतरून पनवेल गाठायचं. तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग असला संसार पाठीवर वाहायची गरज नाही. गावात घरगुती खोल्या मिळतात, जेवण मिळतं. आपल्याकडच्या डोंगरात बॅकपॅकिंगचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की सॅकमध्ये कोरडे कपडे, बॅटरी, पाणी आणि खाऊ आहे, आणि परतीची वाट आलेल्या वाटेहून वेगळी आहे.

भिवपुरी स्थानकातून रूळ ओलांडून पाली-भुतिवली धरणाच्या दिशेने निघालं की समोर डोंगराची लांबलचक भिंत उभी दिसते. धरणाची बाजू धरून पुढे गेल्यावर खरी चढण सुरू होते. ही वाट सागाच्या वाडीवरून जाते. वाडी डोंगराच्या पोटात आहे, घरं थोडकी, भोवती पावसाळ्यात भाताची आणि नाचणीची खाचरं. दम इथे खायचा आणि पुढची वाटही इथेच विचारायची, कारण वाडीच्या वर ढोरवाटा फुटतात आणि धुक्यात त्यातली कुठलीही वाट खरी वाटते. शेवटचा चढ संपला की गार्बेटचं पठार येतं. पावसाळ्यात हिरवंगार आणि मोकळं, वाऱ्याला आडवं काहीच नाही. मागे वळून पाहिलं तर धरणाचं पाणी, लोकलचे रूळ आणि कर्जतकडचा सगळा सपाट मुलूख पायाखाली. टॅक्सीने येणाऱ्याला गार्बेट पॉइंट बाजारापासून लांब पडतो आणि बहुतेक जण तो गाळतात. खालून येणाऱ्याला माथेरान पहिल्यांदा भेटतं ते इथेच. तिथून गावाकडे जाणारी वाट दाट झाडीतून जाते आणि दुपारीही डोक्यावर सावली असते.

ही झाडी हेच माथेरानचं खरं वैभव. जांभूळ, अंजनी, हिरडा अशी सदाहरित नि निमसदाहरित झाडं माथ्यावर टिकून आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ लगडतात, तेव्हा गर्दी नसलेल्या आठवड्याच्या दिवशी यावं. शेकरू दिसतं, ते गर्दीकडे पाठ करून. माकडं मात्र गर्दीकडे तोंड करून असतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती आपलीच, असा त्यांचा रोख समज आहे. पावसाळ्यात वाटेकडेच्या झुडपात हिरवा चापडा साप निवांत वेटोळं घालून बसलेला असू शकतो. तो विषारी आहे, म्हणून फांदी धरण्याआधी नजर टाकायची सवय बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्याकडेने दक्षिणेचा फेरा मारता येतो. अलेक्झांडर, रामबाग, लिटल चौक, मग वन ट्री हिल. सगळे मिळून अडतीसेक पॉइंट आहेत असं घोडेवाले सांगतात, आणि ते सगळे पाहण्याचा अट्टहास करणारे लोक शेवटी एकही धड पाहत नाहीत. वन ट्री हिलवर मात्र वेळ काढावा. मुख्य पठारापासून किंचित सुटलेला हा सुळक्यासारखा भाग. समोर इर्शाळगड आणि खाली नवी मुंबईला पाणी पुरवणाऱ्या मोरबे धरणाचा विस्तार. इथल्याच घळीतून शिवाजी शिडी नावाची वाट चौककडच्या वाड्यांमध्ये उतरते. कोरड्या दिवसांत ती चांगली आहे, पावसात निसरडी.

तिथून शार्लट तलाव, एको आणि लुईझा पॉइंट करत सनसेट पॉइंटला यायचं. पश्चिमेला प्रबळगडाची आडवी भिंत आणि तिला चिकटलेला कलावंतिणीचा सुळका इथून समोरासमोर दिसतात. संध्याकाळी हा पॉइंट माणसांनी भरून जातो, पण त्याच्या कडेने उतरणाऱ्या वाटेकडे कोणी बघत नाही. ही वाट हाशाच्या पट्टीवरून धोदाणीला जाते. पट्टीवरची माणसं माथेरानला रोजीरोटीसाठी याच वाटेने चढतात. शहरातला माणूस गुडघे सांभाळत उतरत असतो तेव्हा डोक्यावर ओझं घेतलेली एखादी मावशी समोरून चढत येते आणि न थांबता विचारते, "कुठून आलात, भाऊ?" उत्तर देण्याइतका श्वास बहुधा तिच्याकडेच शिल्लक असतो. धोदाणीहून पनवेलला बस आहे.

ज्यांना थोडं अवघड हवं त्यांच्यासाठी पेबचा, म्हणजे विकटगडाचा रस्ता. नेरळहून आनंदवाडीमार्गे किल्ल्यावर चढायचं आणि तिथून लोखंडी शिड्यांनी खिंड पार करून कड्यावरच्या गणपतीजवळ मिनी ट्रेनच्या रुळांपाशी पोचायचं. किल्ला आणि थंड हवेचं ठिकाण एकाच दिवसात जोडणारी अशी वाट मुंबईच्या इतक्या जवळ दुसरी नाही. उंचीची भीती असलेल्याने मात्र शिड्यांचा विचार आधीच करावा, अर्ध्यावर पोचल्यावर नव्हे. चंदेरीचा सुळका किंवा नाखिंडचं नेढं हे तर त्याहून वेगळं प्रकरण. तिथे वाट माहीत असलेला माणूस बरोबर हवाच.

या वाटांशी जोडलेलं एक नाव पर्यटकांच्या गडबडीत मागे पडतं. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल १९१२ मध्ये माथेरानलाच, नाभिक कुटुंबात जन्मले. शिकून वकील झाले, गावच्या नगरपालिकेत गेले आणि १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता उभारून त्यांनी विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगड इथून लांब, भीमाशंकरच्या बाजूला. पण रानवाटांवर वावरण्याचं आणि वाडीवस्तीतल्या माणसांचा विश्वास मिळवण्याचं बळ त्यांना या मुलखातूनच मिळालं असणार, असं इथे चालताना वाटल्याशिवाय राहत नाही.

धोक्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. ही ठाकरांची वाडी गडाच्या वाटेवर होती. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेकर्सना तिथे पाणी, जेवण आणि वाट दाखवणारा माणूस मिळायचा. मुसळधार पावसात हे डोंगर कसे वागतात याचा याहून कठोर पुरावा नको. इशारा असेल तर घरी राहण्यात कमीपणा नाही. कर्जत भागातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर पावसाळ्यात अनेकदा प्रशासनाची बंदी असते. ती चुकवून जाणाऱ्यांना वर आणायला स्थानिक पोरांनाच जीव धोक्यात घालून उतरावं लागतं. राज्यातल्या अशा स्वयंसेवी पथकांची सांगड महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरने घातली आहे. ही मंडळी नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतात.

नवख्याने पहिल्यांदा यावं ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. ओढ्यांना थोडं पाणी असतं, दगड कोरडे असतात, हवा स्वच्छ असते. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं मिळतात, पण चढ सकाळी नऊच्या आत संपवावा लागतो आणि माणशी तीन लिटर पाणी लागतं. वाडीत घेतलेल्या चहा-पोह्यांचे पैसे न घासता द्यावेत, आणि रिकामी बाटली परत सॅकमध्ये टाकावी. हे सांगावं लागतं हीच खंत.

वर गावात सध्या चर्चा आहे ती चाकांची. मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे, आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान नि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केल्यापासून त्याला आणखी बळ मिळालं. त्यामुळे माल आणि माणसं वाहिली ती घोड्यांनी, हमालांनी आणि हाताने ओढायच्या रिक्षांनी. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत अमानवी ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला आणि त्या ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करायला सांगितलं. हे व्हायलाच हवं होतं. शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं यांना ई-रिक्षाने मोठा आधार दिला आहे. घोडेवाल्यांना धंद्याची काळजी आहे, तीही खोटी नाही. रस्त्यावर लाल माती ठेवायची की पेव्हर ब्लॉक बसवायचे, यावर तर गावात दोन तट आहेत. ई-रिक्षा आज बाजारापर्यंत येते; उद्या ती प्रत्येक पॉइंटपर्यंत न्यावी अशी मागणी होईल आणि तेव्हा गावाला नाही म्हणता येतं का, यावर कड्याकडेच्या शांत वाटांचं भवितव्य ठरेल. हाशाच्या पट्टीकडे उतरणाऱ्याला या वादातलं काहीच आडवं येत नाही. त्याला फक्त दिवस मावळण्याआधी धोदाणी गाठायची असते आणि पनवेलची बस चुकवायची नसते.